कुसुमताईंना उठवताना

कुसुमताई,

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका बाईला पलंगावरून उठवत होते. आदल्या दिवशी तिचं ऑपरेशन झालं होतं, तुमचं झालं होतं तेच. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. पाय खाली सोडून बसली होती आणि उभं राहायला भीत होती. तिचा एक हात मी माझ्या खांद्यावर घेतला आणि तेवढ्यात ॲप्रनच्या खिशात फोन थरथरायला लागला. मी घेतला नाही. उभ्या पेशंटचा हात सोडून दुसरं काही करायचं नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं. बाई खिडकीपर्यंत गेली, बाहेर पाहिलं, परत आली. तिला टेकवलं, पाय वर घेतले, चादर ओढली. मग फोन पाहिला. तुमच्या भावाचा होता. प्रमोदभाऊ मला उगाच कधी फोन करत नाहीत, त्यामुळे परत लावायच्या आधीच कळलं.

"सुटली ताई," एवढंच ते म्हणाले. आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या बाईनं विचारलं, "काय झालं सिस्टर?" मी म्हटलं, "माह्या एका पेशंटची बातमी हाये." घरी जाताना मनात आलं, पेशंट कसं म्हणाले मी तुम्हाला? गुरू म्हणायला हवं होतं. वैरीण म्हटलं असतं तरी तुम्ही हसला असता.

भांडलोच ना आपण इतकी वर्षं.

अमरावतीला मी नर्सिंग शिकायला आले तेव्हा बाळापूरच्या बाहेर कधी राहिलेली नव्हते. वडील सोडायला आले होते. वॉर्डाच्या दारातच 'जयभीम' म्हणून उभे राहिले, आत यायला संकोचत होते. तुम्ही वॉर्डाच्या इनचार्ज. हातातलं काम न थांबवता म्हणालात, "जयभीम. आत या न. पोरगी इथं ठेवून राहिले, त जागा तरी नीट पाहून जा." वडिलांनी सगळा वॉर्ड फिरून पाहिला. घरी जाऊन आईला सांगितलं, "बाई कडक हाये, पन चांगली हाये." त्यातला पहिला भाग मला दुसऱ्याच दिवशी कळला. मी ऑपरेशनला न्यायच्या एका पेशंटचे ओठ ओल्या कापसानं पुसत होते. तुम्ही माझं मनगट धरलंत.

"पानी पाजून राहिली का तिले?"

"नाई सिस्टर, ओठ वाळले तिचे."

"वाळू दे. वाळल्या ओठानं कोनी मरत नाई."

त्या दुपारी आम्हा सगळ्या मुलींना तुम्ही पलंगापाशी उभं केलंत आणि ती गोष्ट सांगितलीत. तुम्ही नव्या-नव्या असताना एका तरुण बाईला तिच्या सासूनं ऑपरेशनच्या सकाळी लपून दुधाचा चहा पाजला. बिचारीला माया आली असेल. भुलीत तिला उलटी झाली, ती छातीत गेली, आणि ती टेबलावरून परत आली नाही. तुम्ही तिचं नाव घेतलंत. मी ते इथं लिहीत नाही. पण तुम्ही नियम नुसता पाठ केलेला नव्हता, तो एका माणसाच्या जिवावर शिकला होता, एवढं मला त्या दिवशी कळलं. 

मला अकोल्याला नोकरी लागली. काही वर्षांनी आमच्याकडे नव्या मॅडम आल्या, कॅन्सरच्या सर्जन, आणि त्यांनी नवी पद्धत आणली. पेशंटला रात्रभर तहानलेलं ठेवायचं नाही, भुलीच्या दोन तास आधीपर्यंत साखरेचं साधं पाणी द्यायचं. दुखणं चढायची वाट न पाहता औषध वेळेवर द्यायचं. नळ्या कमी घालायच्या, लवकर काढायच्या. त्याच दिवशी घोटघोट पाणी, मग पातळ काही. आतडं जागं व्हावं म्हणून च्युइंगम चघळायला द्यायचं. संध्याकाळी पलंगाच्या काठाला बसवायचं, जमलं तर उभं करायचं. आणि या सगळ्याच्या आधी बाईला समोर बसवून सांगायचं, तिच्या शरीरातलं काय काढणार, नंतर काय होणार आणि तिनं स्वतः काय करायचं. मी ते शिकले. बाया लवकर उभ्या राहताना पाहिल्या. मग मला अमरावतीला पाठवलं, तिथल्या नर्सना सांगायला, आणि पहिल्या रांगेत तुम्ही.

माझं बोलणं अर्ध्यावर असताना तुम्ही उभ्या राहिलात. "पोट फुगलं त जबाबदार कोन?"

मी उत्तर दिलं.

"टाके सुटले त?"

त्याचंही दिलं.

"बरं. लवकर घरी पाठवता म्हन्ते तू. घरी गेल्यावर काय करते ती? माह्या वॉर्डात पडून राहते तेवढेच तिचे आरामाचे दिवस असते, पोरी. जन्मात तेवढेच. घरी गेली का चुलीपाशी बसते. तुमी तिले चालती करून देता, अन् घरचे म्हन्ते, चालते न, मंग भाकरी टाक."

मागच्या रांगेतल्या मुली हसल्या. मला हसू आलं नाही.  तेव्हापासून मी प्रत्येक बाईला सुटी देताना घरच्यांना समोर बसवून बोलते. ते मान डोलावतात. पुढं घरात काय होतं, ते मला दिसत नाही.

दर अक्षयतृतीयेला, दर चौदा एप्रिलला आपला फोन व्हायचा आणि शुभेच्छा आटोपल्या की भांडण तिथूनच सुरू व्हायचं. मग तुम्ही निवृत्त झालात, नांदगाव खंडेश्वरला भावाकडं राहायला गेलात. नवरा लग्नानंतर लवकरच गेलेला, मूलबाळ नाही. प्रमोदभाऊंचं घर शेताजवळच. मला वाटलं, आता तरी भांडायचा विषय संपला.

एका सोमवारी ओपीडीच्या रांगेत तुम्ही दिसलात. ओढणीनं तोंड बांधलेलं होतं, तरी बसण्यावरून ओळखलं. पाठ ताठ, पर्स मांडीवर. मला वाटलं, कुणाला तरी घेऊन आल्या असतील. जवळ गेले तर तुम्ही हळूच म्हणालात, "मीच हावो पेशंट. बोभाटा नको करू."

पाळी थांबून कितीतरी वर्षं झाल्यावर अंगावरून जायला लागलं होतं. तुम्ही कित्येक महिने कुणाला सांगितलं नव्हतं. ज्या बाईनं शेकडो बायांना दटावून तपासणीला पाठवलं, ती माझ्यासमोर बाकावर बसून मान खाली घालून बोलत होती. मला राग आला, ताई. भीती नंतर आली, पहिला रागच.

"अमरावतीले काहून नाई दाखवलं? तिथं सगळे ओळखीचे हायेत."

"म्हून तर. सगळ्या माह्या हाताखालच्या पोरी. त्याइच्यासमोर कपडे काढू का मी?"

"अन् माह्यासमोर?"

"तू त भांडते माह्यासंगं. तुह्याची लाज नाई वाटत."

तपासण्या झाल्या. मॅडम म्हणाल्या, ऑपरेशन होऊ शकतं. मोठं आहे, पण होऊ शकतं. मग मी तुम्हाला समोर बसवून सगळं सांगायला लागले, इतर बायांना सांगते तसंच. तुम्ही परीक्षेला बसवल्यासारखं ऐकत होता. मी एक गोष्ट विसरले तर तुम्ही म्हणालात, "लघवीच्या नळीचं राहिलं." 

ऑपरेशनच्या सकाळी मी साखरेच्या पाण्याचा ग्लास घेऊन आले. तुम्ही तोंड फिरवलंत.

"ताई, साधं पानी हाये. दूध नाई, चहा नाई. दोन तासांत पोटातून खाली जाते."

"तिचं नाव आठवते तुले?"

"आठवते." मी ते नाव घेतलं.

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. मी ते विसरले असेन असं तुम्हाला वाटलं होतं बहुतेक. प्रमोदभाऊ आणि रेखावहिनी बाजूला उभे होते, त्यांना काही समजत नव्हतं. मग तुम्ही ग्लास हातात घेतलात आणि विष पिणाऱ्या माणसासारखं, माझ्यावरची नजर न काढता, सगळं पाणी प्यालात. ग्लास परत देताना म्हणालात, "मेली त तुह्या नावानं बोटं मोडीन." वहिनी घाबरून म्हणाल्या, "असं काय बोलता ताई!" आपण दोघी हसलो. त्या दिवसातलं आपलं तेवढंच हसणं.

ऑपरेशन चांगलं झालं. दुपारी तुम्हाला वॉर्डात आणलं. शुद्धीवर होता. घोटभर पाणी प्यालात. च्युइंगम दिलं तर म्हणालात, "या वयात गाईसारखं रवंथ करू का?" आणि चघळलंत. दुखत नाही म्हणालात. ऊन कलायला लागलं तशी मी तुम्हाला बसवायला आले. भाऊ आडवे आले.

"आजच? सिस्टर, सकायीच पोट फाडलं तिचं."

"भाऊ, हळूच बसवतो. मॅडमनं सांगितलं हाये."

तुम्ही म्हणालात, "बाजूले हो पम्या."

मी तुम्हाला कुशीवर वळवलं, पाय खाली सोडले, बसवलं. नाडी पाहिली. थोडी पळत होती. बसल्यावर पळते कधीकधी. "उभी राहू?" तुम्हीच विचारलंत. तुमचा हात माझ्या खांद्यावर आला. तुम्ही उभ्या राहिलात आणि माझ्या डोळ्यांसमोर तुमच्या चेहऱ्याचा रंग उतरला. ओठ पांढरे पडले. कपाळावर घाम फुटला.

"सुजाता, अंधार आला डोयासमोर."

मी आणि वहिनींनी तुम्हाला धरून निजवलं. भाऊ ओरडायला लागले. "सांगत होतो का नाई! मारता का माह्या बहिणीले? प्रयोग करून राहिले तुमी इथं!" सगळा वॉर्ड बघायला लागला. ड्यूटीवरचे डॉक्टर धावत आले. रक्तदाब जरा कमी होता, फार नाही. ते म्हणाले, "पाठीतून औषध दिलंय, त्यानं होतं असं. सलाईन वाढवू, थोडं थांबून पाहू." बरोबरच होतं त्यांचं. बहुतेक वेळा तेच असतं. मीही तेच धरून चालले असते. पण तुम्ही आडव्या होऊनही नाडी खाली येत नव्हती. माझ्या बोटांखाली पळतच होती, बारीक, घाबरल्यासारखी. पोटातल्या नळीच्या पिशवीत काहीच वाढलं नव्हतं. मी स्वतःला समजावत होते, पिशवी रिकामी आहे, म्हणजे आत रक्त नाही.

तुम्ही डोळे मिटून पडला होता. मग डोळे न उघडता म्हणालात, "खांदा दुखून राहिला."

"कोनता?"

"उजवा. वरून. अन् तहान लागली लय."

मी डॉक्टरांकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं. पोटात रक्त साचून वर पसरलं की खांदा दुखतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांनी एकदा तुमच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "मॅडमना फोन लावा, मी बोलतो. सोनोग्राफीचं मशीन इथंच आणा." मी तिथूनच फोन लावला.

मशीन येईपर्यंतचा वेळ फार मोठा नव्हता, पण मला तो अजून संपलेला वाटत नाही. तुमचा हात माझ्या हातात होता. भाऊ पायथ्याशी उभे राहून बोलतच होते, मी काय ऐकलं ते आठवत नाही, फक्त "हिनं उठवलं, हिनंच उठवलं" एवढं कानात राहिलं. आणि तुम्ही, अर्धवट शुद्धीत, मला म्हणालात, "तिकडं नको पाहू. पेशंटकडं पाय."

पोटात रक्त होतं. नळीच्या तोंडाशी गुठळी अडकली होती, म्हणून पिशवी रिकामी. मॅडम आल्या त्या सरळ ऑपरेशनच्या कपड्यांतच. दिवस मावळत होता तेव्हा तुम्हाला परत आत नेलं. रक्ताच्या बाटल्या चढत होत्या. दाराबाहेर मी, भाऊ आणि वहिनी. भाऊंचा ओरडायचा जोर संपला होता. ते भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. एकदा मान वर करून म्हणाले, "तुमी उठवलं म्हून आतलं फुटलं." ओरडून नाही, साधं बोलावं तसं.   मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं, ते खरं की खोटं.

मॅडम बाहेर आल्या. एका बारीक शिरेचा टाका सरकला होता, बांधला. रक्त थांबलं. त्या भाऊंना म्हणाल्या, "उठवल्यामुळे नाही झालं हे. आतून आधीच सुरू होतं. त्या उभ्या राहिल्या म्हणून आपल्याला लवकर कळलं. पडून असत्या तर कळायला उशीर झाला असता." भाऊंनी ऐकून घेतलं. पटलं नाही त्यांना, आणि मला ते चेहऱ्यावर दिसलं. मला पटलं, कारण मला ते शास्त्र माहीत आहे. तरी आजही कुठल्या बाईला पहिल्यांदा उभं करते तेव्हा मी आधी तिच्या ओठांकडं पाहते. तुमचे पांढरे ओठ समोर येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला मॅडम म्हणाल्या, "आज राहू दे सुजाता. दोन दिवस पडू दे त्यांना." मी हो म्हणाले. खरंतर मला हायसं वाटलं. पडून राहा, ताई, मी मनात म्हणाले, तुमच्याच पद्धतीनं राहा, मला नाही सोसायचं पुन्हा.

आणि तुम्ही म्हणालात, "उठव मले."

मॅडम जाता जाता थांबल्या. भाऊ पलंगाच्या काठाशी येऊन उभे राहिले. "हात नाई लावाचा आता कोनी तिले. मी सांगून ठेवतो."

"पम्या."

"नाई ताई. आता नाई. काल जात होती तू."

"काल गेली नाई न? मंग." तुम्ही स्वतःच पलंगाच्या कठड्याला हात घातलात. सुया टोचलेला, निळा पडलेला हात. "सुजाता, नाडी पाय. रक्ताचा रिपोर्ट पाय. समदं ठीक असन त उठव. नसन त नको उठवू. भावाले इचारून नको ठरवू अन् भीतीले इचारून बी नको ठरवू."

रिपोर्ट चांगला होता. नाडी शांत होती. मॅडम म्हणाल्या, "दुपारी. मी थांबते." दुपारी त्या खरंच आल्या. मी तुम्हाला बसवलं. बराच वेळ बसवून ठेवलं, कारण मीच तयार नव्हते. तुम्ही वाट पाहिलीत. मग तुमचा हात माझ्या खांद्यावर आला आणि दुसऱ्या बाजूनं प्रमोदभाऊंनी हात लावला. ते रडत होते. तुम्ही उभ्या राहिलात. मी ओठ पाहिले. लाल नव्हते, पण नेहमीच्या रंगाचे होते. खुर्चीपर्यंत चालत गेलात. बसलात. डोळे मिटलेत. मला वाटलं, आता रडतील. तुम्ही म्हणालात, "कोरा चहा भेटन का?"

बऱ्याच दिवसांनी, रेडिएशनसाठी तुम्ही अकोल्याला येत होता तेव्हा, मी विचारलं होतं, त्या दिवशी का म्हणालात उठव म्हणून? तुम्ही जन्मभर ज्याच्या विरुद्ध बोललात ते? तुम्ही मांडीवरची पर्स सरळ केलीत. मग म्हणालात, "पडून राहिलं का माणूस छताकडं पायते. त्या छतावर लय काही दिसते, सुजाता." आणि लगेच, मी काही समजून बसेन म्हणून, "तू जिंकली असं नको समजू. उठली मी."

या दोन वाक्यांतलं पहिलं मला अजून पुरतं कळलेलं नाही. तुमच्या वॉर्डात वर्षानुवर्षं निजून राहिलेल्या बाया छताकडं बघत काय विचार करत असतील, असं तुम्हाला वाटलं का? की फक्त तुमचंच काही होतं? विचारायचं राहिलं.

त्यानंतरचा काळ चांगला गेला, हे मला पुन्हापुन्हा स्वतःला सांगावं लागतं. तुम्ही गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात जाऊन आलात, संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळ्यांसोबत खाली मांडी घालून बसलात आणि मला तिथून फोन केलात, "मांडी जमली." तूर सोंगायच्या वेळी शेताच्या धुऱ्यावर बसून मजुरीच्या बायांना तपासणीचं सांगत होता, असं भाऊ म्हणाले. एकदा घरच्या हरभऱ्याचे घाटे घेऊन अकोल्याला आलात, वॉर्डातल्या एका बाईच्या पलंगापाशी बसलात. ती उठायला नाही म्हणत होती. तुम्ही तिला आपल्या पोटावरची खूण दाखवलीत. तिला म्हणालात, "ही सिस्टर हट्टी हाये. पन हात नाई सोडत." मी पडद्याच्या पलीकडं होते. तुम्हाला माहीत नव्हतं. किंवा असेल.

मग खोकला. मग तपासणी. फुफ्फुसात गेलं होतं.

शेवटच्या महिन्यात मी नांदगावला आले तेव्हा तुम्ही उशांना टेकून बसला होता, बोलताना धाप लागत होती. वहिनींनी मला भाकर आणि ठेचा वाढला, तुम्ही नुसतं बघत होता. त्या दिवशी मी तो प्रश्न विचारला. तुमच्यावर चिडायला आता काय उरलं होतं, तरी माझा आवाज चिडलेलाच आला.

"ताई, सगळ्याइले पाठवलं तपासणीले. तुमी स्वतः काहून नाई केली?"

तुम्ही म्हणालात, "पेशंटनं नर्सले इचारावं असं. नर्सनं पेशंटले नाई इचारावं." हसायला गेलात आणि खोकला आला. वहिनी पाणी घेऊन धावल्या. मी पाठ चोळत राहिले. विषय तिथंच संपला. मी एसटीत बसून अमरावतीपर्यंत खिडकीबाहेर बघत होते आणि तुमच्यावर रागावले होते. मरणाऱ्या माणसावर रागावता येतं, ताई, हे मला तेव्हा कळलं.

तुमच्या तेराव्याला मी आले. जेवणं उरकल्यावर रेखावहिनींनी मला मागच्या दारी नेलं. मोरीपाशी भांड्यांचा ढीग पडला होता. त्यांनी एक पातेलं हातात घेतलं आणि माझ्याकडं न बघता बोलायला लागल्या.

"सिस्टर, ताई मले नेहमी म्हनत, जाय, तपासून ये. दर सहा महिन्यानं म्हनत. मी म्हनलं, तुमी बी चाला मंग, दोघी करू. त म्हनत, मले काय धाड भरली?"

त्या पातेलं घासत राहिल्या. "मी बी मंग नाई गेली. त्या नाई जात त मी काहून जाऊ, असं."

"वहिनी, त्रास हाये का काही तुमाले?"

"पांढरं जाते. लय दिवस झाले. यायले नाई सांगितलं." 'यायले' म्हणजे प्रमोदभाऊंना.

'मले काय धाड भरली.' हे एवढंच होतं का, ताई? मी इतकी वर्षं त्यामागं काहीतरी मोठं शोधत होते. लाज असेल, भीती असेल, जुनं दुःख असेल. आणि होतं ते सगळ्यांचं असतं तेच. दुसऱ्याला होतं, आपल्याला नाही. बाळापूरची माझी आई हेच म्हणते. आरशापुढं मीही म्हणत असेन.

भाऊंना मी सांगितलं. ते दुसऱ्याच आठवड्यात वहिनींना घेऊन अकोल्याला आले. तपासणी केली. रिपोर्ट यायचे दिवस मी कसे काढले ते तुम्हाला सांगत नाही, तुम्ही म्हणाल पेशंटपेक्षा नर्सच जास्त आजारी. रिपोर्टात पेशी बदललेल्या निघाल्या. कॅन्सर नव्हता. अजून काही वर्षं अशीच गेली असती तर झाला असता की नसता, ते कुणालाच सांगता येत नाही. मॅडमनी सांगितलं, तेवढा भाग काढून टाकू, भरती व्हायचीसुद्धा गरज नाही.

गेल्या बुधवारी ते केलं. थोड्या वेळाचं काम. मी वहिनींच्या उशाशी उभी होते. झाल्यावर त्यांना बाहेरच्या पलंगावर आणलं, तर प्रमोदभाऊ दारातच उभे. माझ्याकडं बघून, फार गंभीरपणे म्हणाले, "सिस्टर, हिले लगेच उठवू नका."

मी काही बोलायच्या आत वहिनी उठून बसल्या होत्या आणि पायानं पलंगाखालची चप्पल शोधत होत्या. भाऊ "अवं, अवं" करत पुढं धावले. मला हसू आलं आणि मग आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. वहिनींनीच मला धरून स्टुलावर बसवलं.

संध्याकाळच्या एसटीनं ते दोघं नांदगावला गेले. काल वहिनींचा फोन आला होता. बऱ्या आहेत, ताई. रक्त नाही, ताप नाही. हे सांगायलाच बसले होते, बाकीचं आपोआप येत गेलं.

तुमची,
सुजाता